दाभणबाई गोड बोलायला लागल्या

तर नणंदबाई त्या खुर्चीत बसल्या आणि हळूहळू खाली घसरायला लागल्या. काल इथवर आलो आणि जेवायची हाक आली, म्हणून त्यांना तसंच अर्धवट घसरतं ठेवून उठावं लागलं. आज त्यांना सोडवू. पण काल जे नव्हते ते मध्येच विचारणार, कुणाची नणंद आणि कसली खुर्ची, तेव्हा आधी दोन पावलं मागे.

खुर्ची दाभणबाईंची. दाभणबाई म्हणजे जुने सोफे आणि खुर्च्या उसवून नव्याने भरून देणाऱ्या बाई. दुकान त्यांच्या वडलांचं, पण वडील गेल्यावर हातोडी त्यांनी उचलली ती खाली ठेवली नाही. दाभण म्हणजे गादी शिवायची जाड सुई. गल्लीने त्यांना हे नाव ठेवलं ते हातातल्या सुईवरून की तोंडातल्या, याबद्दल गल्लीत कधी मतभेद नव्हते. काम करताना त्या ओठांत बारीक खिळे धरायच्या. एकेक खिळा जिभेने पुढे सारायचा, बोटाने टिपायचा, हातोडीने ठोकायचा. खिळे संपले की त्याच वाटेने शब्द बाहेर पडायचे, आणि ज्याला ते लागायचे तो घरी जाऊन सांगायचा की याहून खिळे परवडले.

एखादं गिऱ्हाईक कौतुकाने कापडाचा तुकडा घेऊन यायचं. बाई तो उजेडात धरून बघायच्या. "हे कुणी निवडलं?"

"आमच्या मिसेसनी."

"मग त्यांनाच बसवा यावर. पाहुण्यांनी काय वाकडं केलंय तुमचं?"

आणि तरी लोक यायचे, कारण बाईंनी भरलेली खुर्ची माणसाच्या अंगाला अशी बसायची की उठताना जिवावर यायचं.

त्यांना मुलगा एकच. शहराच्या बसवर ड्रायव्हर. उंची एवढी की स्टिअरिंगखाली गुडघे मावायचे नाहीत, म्हणून सगळा डेपो त्याला लांबू म्हणायचा. नवरा लवकर गेलेला, त्यामुळे दुकानामागच्या खोलीत हे मायलेक दोघंच. या घरात कौतुक नावाची वस्तू वापरात नव्हती. लांबूला बस चालवायचा परवाना मिळाला तेव्हा तो पेढ्यासारखं तोंड करून सांगायला आला. बाई म्हणाल्या, "तुझं झालं. आता रस्त्यावरच्या माणसांचं काय?" लांबू म्हणाला, "सुरुवात तुझ्यापासून करतो, दुकानासमोरूनच फेरी आहे." मग दोघं जेवायला बसली. बाहेरच्याला वाटावं भांडण चाललंय. आतल्यांना माहीत होतं की घर सुरळीत आहे.

त्या लांबूला गणवेशाच्या कॉलरचं बटण लागेनासं झालं. मानेत गाठ. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं की कॅन्सर आहे, पण औषधाला दाद देणाऱ्यातला आहे. शिरेतून औषध द्यायच्या सहा फेऱ्या, मध्ये विश्रांती. केस जातील, तोंडाची चव जाईल, अंगातला कस जाईल. पण सगळ्या फेऱ्या पुऱ्या करायच्या, मध्येच सोडायच्या नाहीत. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं.

बाईंनी ऐकून घेतलं आणि लांबूकडे वळल्या. "मफलर गुंडाळ म्हणत होते."

"याचा मफलरशी काही संबंध नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"ते मला ठाऊक आहे हो. त्याला कशाला सांगता?"

लांबू हसला. बाईंना तेच हवं होतं.

औषधाचा त्रास व्हायचा तो झालाच. पण त्याहून मोठा त्रास निघाला पाहुण्यांचा. आजार कळला तशी बघायला येणाऱ्यांची रीघ लागली, आणि काय एकेक नग. शेजारचे निवृत्त कारकून यायचे ते आपल्या मेहुण्याची गोष्ट घेऊन. "माझ्या मेहुण्याला हेच. अगदी हेच. हट्टाकट्टा होता हो." मग एक सुस्कारा, आणि मग मेहुण्याचा पहिला दिवस, दुसरा दिवस, असं करत करत तासाभरात मेहुणा मरायचा. मान तिरकी करून "कसा आहेस रे" विचारणाऱ्या बायका वेगळ्याच. मान इतकी तिरकी की बाईंना वाटायचं, गाठ यांनाच झाली आहे. एक गृहस्थ कसल्याशा पाल्याचा हिरवा रस बाटलीत घेऊन आले. हा घेतला की डॉक्टरची गरजच नाही म्हणाले. बाईंनी पेला भरून त्यांच्यापुढेच धरला. "तुमचे गुडघे दुखतात ना? घ्या." गृहस्थ मागे सरकले. "मला नाही चालत तो, पोटाला झोंबतो." आणि एक होते मन खंबीर ठेवायला सांगणारे. ते स्वतः दाताच्या डॉक्टरकडे जाताना बायकोचा हात धरून जायचे, हे सगळ्या गल्लीने पाहिलेलं.

पाहुणा गेला की लांबू भिंतीकडे तोंड करून पडायचा. मग बराच वेळाने भिंतीला विचारल्यासारखं विचारायचा, "आई, पुढच्या फेरीला नाही गेलो तर?"

"नाही गेलास तर इथे पडून यांचं ऐकावं लागेल. तिथे निदान नुसती सुई टोचतात."

वरवर त्या असं बोलायच्या, पण मनात उरलेल्या फेऱ्या मोजत असायच्या. फेऱ्या अर्ध्यावर सुटल्या तर काय, हे त्यांना डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलेलं होतं. मेहुण्याच्या मरणाने आपला मुलगा औषध सोडणार असेल तर मेहुण्याचा बंदोबस्त करणं भाग होतं. माणसाला दार बंद करता येत नाही, म्हणून बाईंनी आपल्या हातचं काम केलं. एक मोठी, रुबाबदार, कोरलेल्या हाताची खुर्ची दुकानात पडून होती. तिचे पुढचे पाय बोटभर कापले. बैठक मुद्दाम मागे उंच आणि पुढे उतरती भरली, काथ्या ठासून दगडासारखी केली, आणि वर चढवलं गुळगुळीत रेक्झिन. दिसायला सिंहासन. ही खुर्ची लांबूच्या पलंगापाशी पाहुण्यांसाठी ठेवली आणि खोलीतली बाकीची बसायची जागा उचलून टाकली.

बसणाऱ्याला काही कळायचंच नाही. आरामात टेकायचा, आणि बोलता बोलता इंचाइंचाने पुढे यायचा. मग सावरून मागे सरकायचा. पुन्हा पुढे. वाटायचं, आज आपलंच कंबरेत काहीतरी आहे. कारकुनांच्या मेहुण्याला मरायला पूर्वी तासभर लागायचा, तो आता चहा निवायच्या आत उरकायला लागला. तिरक्या मानेच्या बायकांना एकाच वेळी मान आणि बैठक सांभाळता येईना. खंबीर मनाचे गृहस्थ तर एका वाक्याच्या मध्येच पलंगाच्या पायथ्याशी उतरले. लांबूला हे दुसऱ्या पाहुण्याच्या वेळीच उमगलं. त्यानंतर तो पांघरूण तोंडात धरून पडायचा. कोण किती वेळ टिकतं यावर मायलेकांची पैज लागायची, आणि तिसरी फेरी तो कुरकुर न करता घेऊन आला.

आता आल्या नणंदबाई. म्हणजे बाईंच्या नवऱ्याची थोरली बहीण, लांबूची आत्या. बसल्या आणि, काल सांगितलं तसं, घसरायला लागल्या. घसरत घसरत त्यांची हनुवटी खुर्चीच्या हाताला लागली. दुसरा कुणी असता तर उठून चप्पल शोधली असती. या उठल्या, दुकानात गेल्या, तिथलं लाकडी स्टूल उचलून आणलं आणि त्यावर ठाण मांडलं. "तुझी खुर्ची बिघडली आहे गं," म्हणाल्या. खुर्ची बाईंच्या हातची खरी, पण नणंद सासरची होती.

तेवढ्यात बाईंनी लांबूपुढे सूप धरलं. त्याने नुसती मान हलवली. "नको असेल तर तोंडाने सांग," बाई म्हणाल्या, "भुवया उडवू नकोस. उरलेल्या आहेत त्याही गळतील."

"गळल्या तर काथ्यात घाल. एखादी उशी होईल."

"तुझ्या केसांची उशी? घेणाऱ्याला खरूज होईल."

हे त्यांचं रोजचंच. पण नेमकी तेव्हा लांबूला उबळ आली, भांड्यात ओकला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. नणंदबाईंनी बाईंना दंडाला धरून दुकानात नेलं.

"लाज वाटते का गं? आजारी पोराशी असं बोलतात?"

"वन्सं, तो औषधाने ओकला."

"तुझ्या बोलण्याने ओकला. तुझ्या या जिभेने माझा भाऊ उभा सोलून निघाला. आता पोराला तरी सोड. दोन शब्द प्रेमाचे बोलशील तर तुझं काय झिजणार आहे? आई आहेस का कोण आहेस?"

बाईंच्या ओठांत त्या वेळी खिळे नव्हते, म्हणजे उत्तर द्यायला तोंड मोकळं होतं. एरवी नणंदेला त्यांनी चार पायऱ्या उतरायच्या आत चार वेळा मागे वळून बघायला लावलं असतं. पण त्या दारातून आत बघत होत्या. लांबूची पाठ दिसत होती, गणवेशात कधी मावायची नाही अशी पाठ, आता बनियनखाली हाडन् हाड मोजावं अशी. आणि त्यांना पहिल्यांदाच वाटलं, खरंच आपल्या बोलण्याने हा आणखी थकत असेल तर?

आयुष्यभर त्यांनी नणंदेचं काही ऐकलं नव्हतं. ऐकलं ते हे एक. वेळ बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी लांबूने डोळे उघडले तर आई उशाशी बसलेली. "बाळा," त्या म्हणाल्या, "झोप लागली का रे नीट?"

लांबूने मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

मग ते सुरूच झालं. "बाळा, थोडं सूप घेतोस का? एकच घोट, माझ्यासाठी." "बाळा, पाय चेपू का?" "राहू दे हो राजा, नको खाऊस, मन मारून खाऊ नये." चेहऱ्यावर एक हसू, तेही कुणीतरी चारी कोपऱ्यांनी खिळे ठोकून बसवल्यासारखं. बाई ज्या कामाला हात घालायच्या ते चोख करायच्या, आणि गोडपणाही त्यांनी तसाच चोख करायला घेतला. तो एवढा वाईट होत होता की बघवत नव्हता. दुकानात एक गिऱ्हाईक विटक्या जांभळ्या फुलांचं कापड घेऊन आलं तर बाई "छान आहे" म्हणाल्या. ते बिचारं घाबरून कापड घेऊन परत गेलं.

लांबू गप्प झाला. आधी बाईंना वाटलं, शांत झालाय, गुण येतोय. पाहुणे आले तर तो आता पैज लावत नव्हता. कारकुनांचा मेहुणा पुन्हा सावकाश मरायला लागला, कारण गोड बोलायचं म्हणून बाईंनी ती खुर्चीही हलवली आणि त्या जागी मऊ, ऐसपैस कोच ठेवला. पाहुणे त्यात रुतून बसले.

मधली तपासणी झाली आणि निकाल ऐकायला दोघं बसने निघाली. एरवी बसमध्ये लांबूचं तोंड बंद नसायचं. हा गिअर कसा टाकतो, तो वळणावर कसा झोपतो, याला परवाना दिला कुणी, आणि पुढे बसलेला ड्रायव्हर आरशातून शिव्या द्यायचा. त्या दिवशी ड्रायव्हरने तीनदा क्लच आपटला आणि लांबू खिडकीबाहेर बघत राहिला.

डॉक्टरीणबाईंनी चित्रं उजेडावर लावून दाखवली. गाठ होती तिच्या पावसुद्धा राहिलेली नव्हती. उत्तम चाललंय म्हणाल्या, आता उरलेल्या फेऱ्या तेवढ्या पुऱ्या करा. बाईंनी दोन्ही हात जोडले. डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "तुमचे उपकार कसे फेडू, डॉक्टर?"

डॉक्टरीणबाई चमकल्या. मागच्या खेपेला याच बाईंनी त्यांना विचारलं होतं की कोट इस्त्री करता की त्यात झोपता. लांबूने एकदा डॉक्टरकडे बघितलं, एकदा आईच्या जोडलेल्या हातांकडे, आणि मान खाली घातली.

घरी आल्यावर त्याने डेपोतल्या एका मित्राला बोलावलं आणि आपली ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायची उशी त्याला देऊन टाकली. ती उशी बाईंनीच भरलेली, त्याच्या पाठीच्या मापाने. संध्याकाळी तो म्हणाला, "आई, पुढच्या फेरीला मी यायचा नाही. त्यापुढच्याही नाही."

बाई त्याच्या शेजारी बसल्या. "का रे बाळा?"

"हेच," लांबू म्हणाला. "हेच कारण."

"कसलं कारण, राजा?"

"बाबा शेवटी शेवटी होते तेव्हा तू अशीच बोलायचीस. 'अहो, थोडं पाणी घेता का? अहो, उशी सारखी करू का?' त्याआधी तू त्यांना कधी पाणी विचारलं होतंस? त्यांनी मागितलं की पाय मोडलेत का विचारायचीस. मी लहान होतो, पण मला कळलं होतं. ज्या दिवशी तू त्यांना 'अहो, दमलात का' म्हणालीस त्या दिवशी मी ओळखलं की बाबा आता जाणार."

बाईंना हे आठवत नव्हतं. म्हणजे नवरा जाताना आठवत होता, औषधं आठवत होती, खाट आठवत होती. आपण काय बोललो ते आठवत नव्हतं.

"डॉक्टर मला बरं वाटावं म्हणून खोटं सांगते," लांबू म्हणाला. "आणि तुला खोटं बोलता येत नाही, म्हणून तू गोड बोलतेस. मग कशाला ओकत बसू? जे काय आहेत ते दिवस नीट जाऊ देत."

"अरे गाठ कमी झाली आहे. चित्रात दिसत नव्हतं का तुला?"

"मला चित्रातलं काय कळतं? मला तू कळतेस."

"मी तुझ्या आत्याच्या सांगण्यावरून गोड बोलत होते."

लांबू कितीतरी दिवसांनी थोडा हसला, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "तू, आणि आत्याचं ऐकणार? आई, निदान पटेल असं तरी काहीतरी सांग."

आता आली का पंचाईत. एकदाच खरं सांगितलं, आणि तेच जगात सगळ्यात न पटणारं निघालं.

ठीक आहे, बाई मनाशी म्हणाल्या, पुन्हा पहिल्यासारखं बोलू. त्यात काय, हातचा मळ आहे. सकाळी चहा देताना त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "ऊठ गाढवा," म्हणाल्या. पण ते 'गाढवा' असं निघालं की गाढवाच्या अंगावरून कुणी हात फिरवावा. लांबू म्हणाला, "राहू दे आई. नको त्रास घेऊस." दुपारी त्यांनी पुन्हा धीर करून बघितलं. "तुझं तोंड बघ आरशात," असं सुरू केलं, त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि पुढचं घशात राहिलं. ज्या बाईने गल्लीतल्या एकूण एक माणसाला कधी ना कधी सोलून काढलं, तिला घरातल्या घरात एक धड टोमणा मारता येईना. बाहेर येऊन त्यांनी कारकुनांवर हात आजमावला, आणि तो छान चालला. कारकून मेहुण्यासकट परत गेले. म्हणजे जीभ शाबूत होती. आत जाताना उंबऱ्यावरच बोथट व्हायची. भीती बसली होती, दुसरं काय.

औषधाच्या फेरीचा दिवस उजाडला. लांबू सकाळीच पलंगावरून उठून दुकानात आला होता. दुकानात एका वकिलाची आरामखुर्ची उभी होती. तिला हिरवी मखमल चढवायची होती, चांगली, भारी, बाईंनी कापून ठेवलेली आणि मग आठवडाभर हात न लावलेली. लांबूला वाटलं असावं, आपण जाताना आईचं एखादं तुंबलेलं काम तरी हातावेगळं करून जावं. लहानपणापासून बघितलेलं काम, त्यात काय एवढं. त्याने मखमल पाठीवर ताणली, ओठांत खिळे धरले, आणि वरून खालपर्यंत ठोकून काढली.

बाई मागून आल्या. सवयीने हात पुढे गेला आणि त्यांनी तळवा मखमलीवरून वरून खाली फिरवला. हात अडखळला. पुन्हा फिरवला. मग बघा काय झालं.

"हे काय केलंस?"

"खुर्ची. तुझी एक—"

"खुर्ची दिसतेय, आंधळी नाही मी. ही लव कुणीकडे चालली आहे? फिरव हात. फिरव म्हणते ना. वरून खाली फिरव. आता खालून वर फिरव. कळलं का? मखमलीची लव खाली झुकलेली लागते, मांजराच्या पाठीसारखी, म्हणजे टेकणारा माणूस टेकलेला राहतो आणि धूळ झटकली की खाली पडते. तू मांजर उलटं टांगलंस. आता हा वकील टेकला की अंगावरचा कोट वर चढत चढत कानापर्यंत येईल, आणि न्यायाधीश विचारेल, वकीलसाहेब कुठे गेले. जन्म गेला या दुकानात, काथ्याच्या पोत्यावर रांगलास, आणि कापडाची खालची बाजू कळत नाही? आणि खिळे बघा. हे खिळे मारलेत की दाणे टाकलेत कोंबड्यांना? रांग म्हणून काही असते हे त्या डेपोत शिकवत नाहीत वाटतं. बस चालवतोस तशीच ठोकलीस, जिथे मोकळी जागा दिसली तिथे घुसव. आणि कुणी सांगितलं होतं रे तुला हात लावायला? आजारी माणसाने पलंगावर पडावं, दुसऱ्याची मखमल फाडू नये. सगळी उसवावी लागणार. भोकं राहणार ती वेगळीच. भोकांना काय सांगू वकिलाला, नक्षी आहे म्हणून?"

त्या दम घ्यायला थांबल्या. लांबू तोंडातले खिळे हातात काढून त्यांच्याकडे बघत बसला होता.

"आई," तो म्हणाला, "ते मांजराचं पुन्हा सांग."

"काय पुन्हा सांग? कार्टं मेलं. तुला इथे मजा वाटतेय?"

"नाही, सांग ना. वकिलाचा कोट कुठपर्यंत?"

"तुझ्या टकलापर्यंत," बाई कडाडल्या.

लांबू हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला, खिळे जमिनीवर सांडले, ते बघून बाईंना आणखी चेव आला, आणि सांडलेल्या प्रत्येक खिळ्यागणिक त्याला एकेक ऐकावं लागलं. तो भिंतीला पाठ टेकून डोळे पुसत सगळं ऐकत राहिला, पावसात उभा राहावं तसा. मग म्हणाला, "म्हणजे मी मरत नाहीये तर."

"मरायला काय झालंय? मर ना. पण आधी हे उसवून जा."

"मरणाऱ्या माणसाला तू असं बोलली नसतीस. मखमल गेली तरी नसतीस बोलली."

बाईंचं बाईंनाच आत्ता लक्षात येत होतं की गेला घटकाभर त्या बोलत होत्या, आणि घशात काही अडकलं नव्हतं. त्या खाली बसल्या आणि खिळे वेचायला लागल्या, कारण डोळे लपवायला तेवढंच एक काम जवळ होतं.

लांबू भिंतीला धरून उठला. "माझा बरा शर्ट कुठे आहे?"

"तुझा कुठलाच बरा नाही. निळा घाल."

बसमध्ये पहिल्याच वळणावर लांबूने तोंड उघडलं. "क्लच सोड रे बाबा, तुझ्या बापाने आंदण दिलाय का?" ड्रायव्हरने आरशातून बघितलं. इतक्या दिवसांनी आलेला आवाज ओळखून त्याने एक अशी शिवी दिली की दोन उतारू उतरून गेले. बाई समाधानाने खिडकीशी बसल्या.

दवाखान्यात औषध घ्यायच्या लांब खोलीत ओळीने आडव्या खुर्च्या होत्या. एकीवर लांबूला झोपवलं. नर्सने शीर शोधली, सुई लावली, बाटली उलटी टांगली. बाईंनी वाकून खुर्चीच्या कडेला बोट खुपसलं, आतला फोम चाचपला आणि नाक मुरडलं. नर्स म्हणाली, "काही हवंय का, मावशी?" बाई म्हणाल्या, "हवंय, पण तुमच्या साहेबांना सांगून उपयोग नाही. त्यांच्या स्वतःच्या खुर्चीत चांगला फोम असणार."

पलीकडच्या खुर्चीवरचा म्हातारा औषध घेता घेता हसला. नर्स हसून पुढे गेली. औषध थेंब थेंब उतरायला लागलं. लांबूचं तोंड उतरू लागलं, जसं दर खेपेला उतरायचं. त्याने डोळे मिटले. बाईंना वाटलं, झोपला. पण मिटल्या डोळ्यांनीच तो म्हणाला, "आई, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार. खोटं सांगायला मी काय तुझी आत्या आहे?"

"मघाशी हसलो, आलो, ते सगळं ठीक. पण तुला आतून भीती वाटते का गं, माझ्याबद्दल?"

बाईंनी नळी कुठे दुमडली आहे का ते बघितलं. नव्हती. मग त्या म्हणाल्या, "वाटते तर. तू कधी कुठलं काम पुरं केलंयस? शाळा अर्धी सोडलीस, पेटी शिकणं अर्धं सोडलंस, त्या बेकरीवाल्याच्या चांगल्या पोरीला अर्ध्या रस्त्यात सोडलंस, आणि आज वकिलाची खुर्ची उसवायची सोडलीस. म्हणून मी इथे बसले आहे, बाटली संपेपर्यंत, आणि पुढच्या खेपेलाही बसणार आहे. आता हात सरळ ठेव आणि गप पड."